उडी दिसते, गोटे दिसत नाहीत
(सामन माशाविषयीच्या लोकप्रिय लेखनाचा एक परामर्श)

सामन माशाची गोष्ट ही विज्ञानाच्या लोकप्रिय लेखनातील एक हुकमी गोष्ट आहे. गोड्या पाण्यात जन्मलेला मासा समुद्रात जातो, दोन-चार वर्षांनी धष्टपुष्ट होऊन परततो, आपल्या जन्माच्या ओढ्याचा वास ओळखतो, धबधब्यांवरून उड्या घेत वर चढतो, अंडी घालतो आणि मरतो. मुलांची पुस्तके, दूरचित्रवाणीवरील निसर्गपट, वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या या सर्वांत ती याच क्रमाने येते. मराठीत सांगणारा तिला माहेरच्या ओढीची जोड देतो आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहते.

या गोष्टीतील बहुतेक विधाने खरी आहेत. आमची तक्रार ती खोटी आहे अशी नाही. ती नेमकी जिथे महत्त्वाची होते तिथे संपते, ही आमची तक्रार आहे. मासा वर पोहोचतो, पडद्यावर अस्वल येते, संगीत हळू होते आणि निवेदक निरोप घेतो. मासा इतका आटापिटा करून ज्या जागेसाठी आला ती जागा कशी असते, तिथे पुढचे तीन महिने काय घडते, ती जागा नाहीशी झाली तर काय होते, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. माहेरच्या ओढीचे वर्णन पानभर करायचे आणि बाळंतिणीच्या खोलीचा उल्लेखही करायचा नाही, असा हा प्रकार आहे.

आधी नावाचा एक गोंधळ दूर करू. आपल्याकडे मासळीबाजारात रावसाला पुष्कळदा ‘इंडियन सामन’ म्हणतात. रावस हा वेगळ्या कुळातला, उष्ण समुद्रातला मासा आहे. खरे सामन थंड पाण्याचे. अटलांटिकमध्ये त्यांची एक जात आहे, पॅसिफिकमध्ये अनेक. अंडी घातल्यावर मरण येते ते पॅसिफिकच्या चिनूक, सॉकाय, कोहो अशा जातींना. अटलांटिक सामन काही वेळा पुन्हा समुद्रात जाऊन परततो. ‘सामन अंडी घालून मरतो’ असे सरसकट वाक्य फळ्यावर लिहू नये.

गोट्यांच्या थरातील बिऱ्हाड

नदीच्या पात्रात डोह आणि उथळ खळाळ आलटून पालटून येतात, हे आपण आपल्या ओढ्यांतही पाहतो. डोह संपून पाणी खळाळाकडे चढते त्या जागी तळाशी गोटे साठलेले असतात. तिथे पाण्याचा काही भाग गोट्यांच्या थरात शिरतो, आतून वाहतो आणि पुढे पुन्हा वर येतो. मादी अशी जागा पसंत करते. ती कुशीवर होऊन शेपटीने तळ झोडपते. गोटे उचलले जातात, प्रवाह त्यांना थोडे खाली नेऊन टाकतो, बारीक गाळ वाहून जातो आणि खळगा तयार होतो. तिथे ती अंडी घालते, नर त्यांवर रेत सोडतो, आणि मादी लगेच वरच्या बाजूला नवा खळगा खणू लागते. त्यातून उडालेले गोटे पहिल्या खळग्यातील अंड्यांवर पडून पांघरूण तयार होते.

यासाठी वाटेल तो दगड चालत नाही. कोंडॉल्फ आणि वोलमन यांनी १९९३ साली अनेक नद्यांतील मोजमापे एकत्र करून एक सोपा अंगठेनियम मांडला: मासा आपल्या लांबीच्या सुमारे १० टक्क्यांपर्यंत सरासरी व्यास असलेले गोटे हलवू शकतो. म्हणजे ८० सेंटिमीटर लांबीच्या चिनूक मादीला साधारण ८ सेंटिमीटरपर्यंतचे गोटे चालतील. त्याहून मोठे धोंडे तिला हलणार नाहीत. उलट निव्वळ बारीक वाळू असली तर खणता येईल, पण वाळूतून पाणी नीट वाहणार नाही.

पाणी वाहणे हा यातला कळीचा मुद्दा आहे. अंड्याला कल्ले नसतात. त्याला लागणारा प्राणवायू कवचातून आत झिरपतो आणि तयार झालेली घाण कवचातूनच बाहेर पडते. भोवतीचे पाणी सतत बदलत राहिले तरच हे जमते. चिनूकचे अंडे १० अंश सेल्सिअस तापमानात सुमारे ५० दिवसांनी फुटते. त्यानंतरही पोटाला बलकाची पिशवी लागलेले पिलू कित्येक आठवडे गोट्यांच्या फटींतच राहते आणि मग वर येते. या तीन महिन्यांत वरून बारीक माती आली आणि फटी बुजल्या तर अंडी गुदमरतात. कधी पिले अंड्यांतून बाहेर पडतात, पण वरची वाट बंद झाल्याने आतच अडकून मरतात. नदीच्या वरच्या अंगाला जंगल तोडले, उतारावर कच्चे रस्ते काढले, की ही माती येते. वरून पाहणाऱ्याला नदी तशीच वाहताना दिसते.

सांगणाऱ्यांच्या नजरेतून सुटणारी आणखी एक गोष्ट आहे. शेकडो माद्या एकाच पट्ट्यात खणतात तेव्हा त्या तळातला गाळ धुऊन काढतात. म्हणजे मासे नुसते जागा वापरत नाहीत, ती राखतातही. मासे कमी झाले की जागाही बिघडत जाते.

वासाला मिळालेली जागा

लोकप्रिय लेखनात हे का येत नाही? एक कारण असे की गंधस्मृतीचा शोध खरोखरच मोठा होता. आर्थर हॅस्लर आणि त्यांचे विद्यार्थी वॉरन विस्बी यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले की मासे ओढ्याओढ्यांतील पाण्याचा फरक वासाने ओळखतात. नाक बंद केलेल्या कोहो माशांना आपला फाटा नीट निवडता आला नाही. प्रयोग देखणा, निष्कर्ष स्पष्ट, गोष्ट सांगायला सोपी. साहजिकच लेखकांनी ती उचलली.

मात्र त्यातून ‘अचूक’ हा शब्द रूढ झाला. प्रत्यक्षात थोडे मासे नेहमीच चुकतात आणि दुसऱ्या नदीत शिरतात. हिमयुगानंतर बर्फ वितळून मोकळ्या झालेल्या नद्यांमध्ये सामन पोहोचले ते अशा चुकणाऱ्यांमुळेच. सगळेच अचूक असते तर नवी नदी कधीच वसली नसती. वर्गात सांगण्यासारखी ही गोष्ट आहे, पण ती नायकाच्या प्रतिमेत बसत नाही.

दुसरे कारण आम्हांला अधिक गंभीर वाटते. गोष्ट एका माशाच्या जिद्दीची केली की अडचण फक्त अडथळ्याची उरते. धबधबा असेल तर उडी, धरण असेल तर शिडी. मासा वर चढला की प्रश्न सुटला! निवेदनाची ही घडण आणि गेल्या दीडशे वर्षांतील मत्स्यव्यवस्थापनाची घडण एकच आहे. म्हणूनच ती निरुपद्रवी मानता येत नाही.

दोन पुस्तके

या दृष्टीने दोन इंग्रजी पुस्तकांचा विचार करू. पहिले जिम लिकाटोविच यांचे ‘सामन विदाउट रिव्हर्स’ (१९९९). लेखक स्वतः मत्स्यजीवशास्त्रज्ञ. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील सामन कसे घटले याचा हा इतिहास आहे, आणि त्याचे म्हणणे पुस्तकाच्या नावातच आले आहे: नद्यांशिवाय सामन मिळवता येतील, असे लोकांनी मनोमन धरले. अंडी काढायची, ट्रेमध्ये उबवायची, पिले नदीत सोडायची. मग नदीत धरण असो, खाण असो वा लाकडाचे ओंडके वाहत असोत, त्याने काय बिघडते?

या कल्पनेचा माग लिकाटोविच अतिशय चिकाटीने घेतात. अमेरिकेचे पहिले मत्स्य आयुक्त स्पेन्सर बेअर्ड यांनी १८७५ साली ओरेगनकरांना सल्ला दिला, की मासेमारीवर कायद्याने बंधने घालण्यापेक्षा कृत्रिम पैदास करणे सोयीचे. त्याआधी, १८७२ मध्ये, लिव्हिंग्स्टन स्टोन यांनी कॅलिफोर्नियात मॅक्लाउड नदीवर अंडी गोळा करण्याचे केंद्र उभारले होते. उद्देश असा, की तिथल्या चिनूकची अंडी पूर्व किनाऱ्यावर नेऊन अटलांटिकच्या ओस पडलेल्या नद्या पुन्हा भराव्यात. लक्षावधी अंडी पाठवली गेली. तिकडे चिनूक रुजला नाही.

शिक्षकांनी हे पुस्तक का वाचावे, तर एक चुकीची कल्पना पुराव्याअभावी किती काळ जगू शकते हे ते दाखवते. पिले सोडल्याचे आकडे दरवर्षी छापले जात. त्यांतली किती परतली हे मोजण्याची निकड फार काळ कुणाला वाटली नाही. शाळेत प्रयोगवहीत ‘निरीक्षण’ आणि ‘निष्कर्ष’ यांच्यामध्ये रेघ मारायला आपण शिकवतो. इथे रेघच नव्हती.

दुसरे पुस्तक डेव्हिड माँटगोमेरी यांचे ‘किंग ऑफ फिश’ (२००३). हे लेखक भूरूपशास्त्रज्ञ, म्हणजे नद्या आणि डोंगरउतार कसे घडतात याचे अभ्यासक. ब्रिटन, न्यू इंग्लंड आणि वायव्य अमेरिका अशा तीन ठिकाणी हीच कथा पाळीपाळीने घडली, असे ते मांडतात. पहिल्या पुस्तकात माणसांच्या समजुतींचा इतिहास ठळक आहे, दुसऱ्यात नदीच्या घडणीचे भान अधिक आहे. आमच्या मते दोन्ही एकत्र वाचावीत.

दोन्हींच्या मर्यादाही सांगायला हव्यात. दोन्ही पुस्तके ऱ्हासाची आहेत आणि ती लिहिली गेली तेव्हा मोठी धरणे काढून टाकण्याचे प्रयोग व्हायचे होते. वॉशिंग्टन राज्यातील एल्व्हा नदीवरची दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात काढण्यात आली. यांतले पहिले धरण १९१३ साली माशांसाठी वाट न ठेवता बांधले होते आणि भरपाई म्हणून मत्स्यबीज केंद्र देऊ केले होते. ते केंद्र १९२२ मध्ये बंद पडले. धरणे गेल्यावर अडकलेला गाळ आणि गोटे खाली आले आणि मासे वर गेले. क्लॅमथ नदीवरची चार धरणे काढण्याचे काम २०२४ साली पूर्ण झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात चिनूक त्या जागांच्या वर, ओरेगनपर्यंत पोहोचल्याचे दिसले. हे न कळलेला वाचक नुसती हळहळ घेऊन उठेल.

लिकाटोविच यांच्याशी आमचा आणखी एक मतभेद आहे. त्यांची टीका इतकी परिणामकारक आहे, की मत्स्यबीज केंद्र ही मुळातच वाईट गोष्ट, असा समज होऊन वाचक थांबण्याची भीती वाटते. तो समज का अपुरा आहे, हे एका नदीच्या उदाहरणाने पाहू.

सॅक्रामेंटोचा हिशेब

कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटो नदीत चिनूकच्या चार वेगवेगळ्या फळ्या वर येतात. त्यांतली ‘हिवाळी’ फळी हिवाळ्यात नदीत शिरते पण अंडी घालते ती ऐन उन्हाळ्यात. कॅलिफोर्नियाच्या उन्हाळ्यात हे कसे शक्य होते? पूर्वी ही फळी मॅक्लाउडसारख्या वरच्या नद्यांमध्ये जात असे. तिथे ज्वालामुखीच्या खडकांतून येणारे झऱ्यांचे पाणी उन्हाळ्यातही थंडगार असते.

१९४५ साली शास्ता धरण पूर्ण झाले आणि ही वाट कायमची बंद झाली. स्टोन यांच्या जुन्या केंद्राची जागा जलाशयात बुडाली. धरणाच्या काँक्रीटसाठी लागणारे गोटे रेडिंग गावाजवळ त्याच नदीच्या पात्रातून काढले होते. सुमारे १५ किलोमीटर लांबीच्या वाहक पट्ट्यावरून ते धरणापर्यंत नेले. अंड्यांचे अंथरूण धरणाच्या भिंतीत गेले, असे म्हटले तर ते अलंकारिक होणार नाही.

धरणामागे पाण्याबरोबर गोटेही अडतात. खाली सुटणारे पाणी स्वच्छ असते, पण त्याची वाहून नेण्याची ताकद शाबूत असते. ते खालच्या पात्रातले गोटे उचलून नेते, आणि वरून नवे येत नाहीत. कोंडॉल्फ यांनी अशा पाण्याला ‘भुकेले पाणी’ म्हटले आहे. काही वर्षांत तळाशी फक्त न हलणारे धोंडे उरतात. म्हणून आज सॅक्रामेंटोत धरणाखाली ट्रकांनी गोटे आणून टाकावे लागतात. नदी जे फुकट करत होती ते आता अंदाजपत्रकात लिहावे लागते.

धरणाच्या तळातून सुटणारे पाणी थंड असल्याने हिवाळी फळी काही काळ खालीच तग धरून राहिली. १९६९ मध्ये ती लाखाच्या वर होती, १९९१ मध्ये सुमारे २०० उरली. १९९४ साली तिला नष्टप्राय म्हणून जाहीर करण्यात आले. अंड्यांसाठी पाणी साधारण १३ अंशांच्या वर जाऊ देऊ नये, असा दंडक होता. तरीही २०१४ आणि २०१५ च्या दुष्काळात धरणातले थंड पाणी कमी पडले आणि त्या दोन्ही वर्षी सुमारे ९५ टक्के अंडी-पिले दगावली.

हा दंडक प्रयोगशाळेतील अंड्यांच्या अभ्यासावर आधारलेला होता. बेंजामिन मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. नदीतली अंडी प्रयोगशाळेतल्या अंड्यांपेक्षा सुमारे ३ अंश कमी तापमानालाच मरू लागतात, असे त्यांना आढळले. कारण विचार करण्यासारखे आहे. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो: १० अंशांना लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, तर २० अंशांना सुमारे ९. त्याच वेळी अंड्याची गरज मात्र वाढते. प्रयोगशाळेत पाणी वेगाने खेळते, त्यामुळे पुरवठा होत राहतो. गोट्यांच्या थरात ते संथ झिरपते, तिथे तूट लवकर येते. तापमानाचा प्रश्न हा गोट्यांमधून वाहणाऱ्या पाण्याचाही प्रश्न होता. ट्रेमधले अंडे आणि तळातले अंडे एकच, असे मानण्याची किंमत अशी मोजावी लागली.

आता मत्स्यबीज केंद्राकडे वळू. शास्ता धरणाच्या पायथ्याशी १९९० च्या दशकाच्या अखेरीस खास हिवाळी फळीसाठी एक केंद्र उभे राहिले. त्याला नाव दिले आहे लिव्हिंग्स्टन स्टोन यांचे. दुष्काळाच्या त्या दोन वर्षांत तिथे नेहमीपेक्षा जास्त पिले वाढवली गेली. नदीतली पिढी जवळजवळ बुडाली असताना फळीचा धागा टिकला त्यात या केंद्राचा मोठा वाटा आहे. म्हणजे केंद्र हा आपत्काळातला दवाखाना म्हणून उपयोगी पडला. दवाखान्यालाच घर समजणे ही जुनी चूक. पण घर पडले असताना दवाखान्यालाही नावे ठेवणे योग्य नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात विनेमेम विंटू या तिथल्या मूळ रहिवासी समाजाच्या आणि शासकीय शास्त्रज्ञांच्या सहभागाने हिवाळी फळीची अंडी मॅक्लाउडच्या थंड पाण्यात नेऊन उबवण्यात आली. शास्ता धरण झाल्यानंतर असे प्रथमच घडले.

खुद्द स्टोन यांनी १८९२ साली एका भाषणात सामनसाठी नद्यांसह राखीव प्रदेश असावा अशी मागणी केली होती. ज्याने ट्रेमध्ये अंडी उबवायला शिकवले, त्यालाच वीस वर्षांनी नदी राखण्याची गरज पटली. लोकप्रिय लेखकांना नायक हवा असेल तर तो इथे आहे.

वर्गात काय करावे

आमची सूचना अशी की सामनची गोष्ट सोडू नये, तिचा शेवट बदलावा. मासा वर पोहोचल्यावर थांबून वर्गाला विचारावे: आता त्याला काय हवे? मुले ‘पाणी’ म्हणतील, ‘खाणे’ म्हणतील. (खाणे नको असते. नदीत शिरल्यावर पॅसिफिक सामन जवळजवळ खात नाही, हेही सांगता येईल.) मग दोन रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्यांचे बूड कापून तोंडाला फडके बांधावे आणि त्या उलट्या धराव्यात. एकीत धुतलेले गोटे भरावेत, दुसरीत तेवढेच गोटे आणि बारीक माती मिसळून. दोन्हींत एक-एक पेला पाणी ओतून ते खाली यायला किती वेळ लागतो हे घड्याळावर मोजावे. गोटे, माती आणि वेळ यांचा तक्ता मुलांनीच करावा. मातीचे प्रमाण थोडेथोडे वाढवत गेले तर आलेखही काढता येईल.

त्यानंतर मुलांना एकच प्रश्न घरी करायला द्यावा. धरणाला माशांसाठी शिडी बांधली, पण वरचा खळाळ जलाशयात बुडाला आणि खालचे गोटे वाहून गेले. मासा शिडी चढून गेला. त्याने अंडी कुठे घालावीत? उत्तर लिहिताना मुलांना नदीचे चित्र काढावे लागेल आणि त्या चित्रात बहुधा प्रथमच तळ दाखवावा लागेल.